कानावरची दारे

ऐन दिवाळीत शांततेचा विषय काढणारा मनुष्य अरसिक ठरतो, हे मला ठाऊक आहे. पहाटे चार वाजता पहिला फटाका वाजला नाही तर नरकासुर मेल्याची खात्री पटत नाही, अशी आपली जुनी रीत. पण हा अंक आपण वाचायला घ्याल तो बहुधा फराळ झाल्यावर, दुपारी, घरातली मुले बाहेर गेली असता. तेव्हा जरा ऐकण्याविषयी बोलू. गाणे ऐकण्याविषयी नव्हे. दूरवरून येणारा, अगदी क्षीण, कुणाच्या लक्षातही येऊ नये असा आवाज ऐकण्याविषयी. आणि तो ऐकण्यासाठी माणसाने कानावर बसवलेल्या त्या दोन वाट्यांविषयी, ज्यांना आपण हेडफोन म्हणतो.

डोळ्याला देवाने पापण्या दिल्या, कानाला दिल्या नाहीत. डोळा मिटता येतो; कान झोपेतही उघडाच. रानात राहणाऱ्या आपल्या पूर्वजांना ते सोयीचे होते. पण तारायंत्र आणि टेलिफोन आल्यावर मनुष्याला पहिल्यांदाच अशी गरज पडली की, जवळचे ऐकू येऊ नये आणि दूरचे मात्र यावे. हेडफोनचा सगळा इतिहास या एका गरजेचा इतिहास आहे.

आरंभ फार ओबडधोबड झाला. १८८०च्या सुमारास अमेरिकेतील टेलिफोन केंद्रांत काम करणाऱ्यांसाठी एझ्रा गिलिलँड नावाच्या गृहस्थाने एक साज तयार केला. साजच तो; तो खांद्यावर चढवायचा, त्याला एका कानाशी येणारा एक फोन आणि तोंडापुढे बोलायचे नळकांडे. वजन दहा पौंडांच्या घरात, म्हणजे साडेचार किलो. आपल्याकडे लग्नात नवरदेवाच्या घोड्यालाही इतका जड साज घालत नाहीत. त्यानंतर १८९१ साली एर्नेस्ट मर्कादिए या फ्रेंच अभियंत्याने एकस्व घेतले ते मात्र आजच्या वाचकाला चकित करील. त्याची दोन्ही कानांची जोडी पन्नास ग्रॅमच्या आत होती, ती थेट कानाच्या भोकात बसे, आणि तिच्यावर रबराची टोपी होती. टोपी कशासाठी? एक तर कान सोलवटू नये म्हणून. आणि दुसरे, बाहेरचे आवाज आत येऊ नयेत म्हणून. आज दुकानदार नवा शोध म्हणून जे विकतो, ते इथे तेरा दशकांपूर्वी लिहून ठेवलेले आहे.

बिनतारी संदेशांचा काळ आला तेव्हा या वाट्यांना खरा मान मिळाला. या कथेत आपल्या देशाचाही एक धागा आहे. जगदीशचंद्र बोस यांनी गॅलेना या शिशाच्या खनिजाचा खडा बिनतारी लहरी टिपायला वापरला आणि १९०१ साली त्यासाठी अमेरिकेत अर्ज केला. १९०४ साली ते एकस्व त्यांना मिळाले. पुढे अशाच खड्यावर मांजराच्या मिशीसारखी बारीक तार टेकवून लोकांनी घरोघर रेडिओ बनवले. त्या खड्याच्या रेडिओला ना वीज लागे, ना बॅटरी. आकाशातून तारेवर जी काय शक्ती उतरेल, तेवढ्यावरच आवाज काढायचा. ती शक्ती इतकी अल्प की, तिने कर्णा हलणे शक्य नाही. हलला तर कानाशी धरलेला पातळ लोखंडी पडदा हलेल. म्हणून त्या काळच्या हेडफोनांत केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असत आणि त्यांचा विद्युत्‌विरोध दोन हजार ओहमच्या पुढे असे. आजचा मोबाईलला जोडायचा बत्तीस ओहमचा हेडफोन तसल्या रेडिओला जोडला तर जवळजवळ काही ऐकू येत नाही. मध्ये एक छोटा रोहित्र घालावा लागतो. मुले शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी खड्याचा रेडिओ करतात आणि 'सर, चालत नाही' म्हणून हिरमुसून येतात, त्यात पुष्कळदा खोट खड्याची नसून या वाट्यांची असते.

चांगला हेडफोन पहिल्यांदा कोणी केला? अमेरिकेत यूटा प्रांतात नॅथॅनिएल बाल्डविन नावाचा मनुष्य राहत होता. १९१० साली त्याने आपली एक जोडी अमेरिकन आरमाराकडे पाठवली. आरमाराच्या लोकांनी ती कानाला लावली आणि त्यांना आजवर न आलेले आवाज ऐकू आले. त्यांनी मोठी मागणी नोंदवायची ठरवली, तर बाल्डविनचे उत्तर आले की, मी हे स्वयंपाकघरात बनवतो, एका वेळी दहाच्या वर होणार नाहीत! जगाच्या आरमारांचे कान एका घरच्या ओट्यावर तयार होत होते, ही गोष्ट मला फार आवडते.

आता या वाट्या कानावर असणे आणि नसणे यांत काय अंतर पडते, ते १९१२ सालच्या एप्रिलमधल्या एका रात्रीने दाखवून दिले. टायटॅनिकची गोष्ट सर्वांना माहीत आहे. पण ती कानांची गोष्ट आहे हे फारसे कोणी सांगत नाही. टायटॅनिकच्या सर्वांत जवळ होती कॅलिफोर्नियन ही बोट. तिच्यावर सिरिल इव्हान्स हा एकटाच बिनतारी चालक. त्याने रात्री बर्फाची सूचना द्यायला संदेश पाठवला. जवळच असल्यामुळे त्याचा आवाज टायटॅनिकच्या चालकाच्या कानात कर्कश घुसला. तो दूरच्या केप रेसशी बोलण्यात गुंतलेला. त्याने इव्हान्सला गप्प बसायला सांगितले. इव्हान्सने थोडा वेळ ऐकले, मग साडेअकराच्या सुमारास हेडफोन काढून ठेवला आणि तो झोपला. दहा मिनिटांनी टायटॅनिक हिमनगावर आदळली. तिकडे कार्पेथिया नावाच्या बोटीवर एकवीस वर्षांचा हॅरॉल्ड कॉटम हाही निजायच्याच बेतात होता. कपडे बदलत होता. पण दुसऱ्या एका बोटीच्या उत्तराची वाट पाहत असल्यामुळे हेडफोन तेवढा त्याने काढला नव्हता. म्हणून कार्पेथियाला हाक पोहोचली, ती नव्वदाहून अधिक किलोमीटर धावत आली आणि सातशेहून अधिक माणसे वाचली. त्यानंतर मोठ्या बोटींवर अहोरात्र ऐकत बसणारा माणूस असावा, असा नियम झाला.

आता आपण आपल्या पुणे जिल्ह्याकडे येऊ. १९२७ साली विलायतेशी थेट बिनतारी दळणवळण सुरू झाले, तेव्हा पाठवण्याचे केंद्र खडकीला आणि घेण्याचे केंद्र दौंडला ठेवण्यात आले. मध्ये सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरांचे अंतर. दोन्ही एका जागी का नाही? कारण सोपे आहे. शेजारी ढोल वाजत असता कुजबुज ऐकू येत नाही. आपलेच बोलणे आपल्या कानाला बधिर करू नये म्हणून एवढ्या मोठ्या यंत्रणेने आपला कान आपल्या तोंडापासून इतका दूर नेऊन ठेवला. हेडफोनची गादी करते तेच काम. फक्त इथे गादीच्या जागी अर्धा जिल्हा होता.

त्याच वर्षी, २३ जुलैला, मुंबईचे नभोवाणी केंद्र सुरू झाले. व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांनी त्याचे उद्घाटन केले. त्याआधीही, १९२३ साली, मुंबईच्या रेडिओ क्लबाने हौसेने कार्यक्रम प्रसारित केले होते आणि कलकत्त्याला १९२१ पासून अमरेंद्रचंद्र गुप्तू हे हौशी चालक हवेत बोलू लागले होते. पण नियमित केंद्र ते हे. त्याची शक्ती दीड किलोवॅट. खड्याच्या रेडिओवर ते जेमतेम तीस मैलांच्या टापूत ऐकू यावे. परवान्याचे वर्षाला दहा रुपये. घरात हेडफोन एक आणि ऐकणारे सहा, तेव्हा एक वाटी याच्या कानाला, एक त्याच्या. जगभर त्या काळी लोक एक युक्ती करीत, की हेडफोन मोठ्या वाडग्यात ठेवायचा. मग वाडगे घुमते आणि भोवती बसलेल्यांना थोडे थोडे ऐकू येते.

आमच्या जांब्यापर्यंत त्यातले काही येणे शक्य नव्हते. मध्ये तीस मैल कुठले, सह्याद्रीचा अख्खा घाट. गंमत पाहा, मुळशीच्या धरणाचे पाणी भिऱ्याला पडून त्याची वीज मुंबईला जाऊ लागली तेही १९२७ सालीच. त्या पाण्याखाली जाणाऱ्या जमिनींसाठी सेनापती बापटांच्या मागे मावळ्यांनी १९२१ पासून सत्याग्रह केला होता. तालुक्याने मुंबईला वीज दिली. मुंबईचा आवाज मात्र तालुक्याला घाटापलीकडेच राहिला. असो.

ती कंपनी १९३० साली बुडाली, सरकारने केंद्रे चालवायला घेतली, १९३६ साली ऑल इंडिया रेडिओ हे नाव आले, आणि दरम्यान झडपांचे रेडिओ येऊन हेडफोन घरातून हद्दपार झाला. रेडिओ आता दिवाणखान्यातल्या फडताळावर बसला, त्यावर विणलेला रुमाल आला. ऐकणे ही सगळ्यांनी मिळून करायची गोष्ट झाली. तिचा कळस आपल्याच भागात १९५६ साली झाला. पुणे केंद्र तेव्हा नुकतेच, १९५३ साली, सुरू झालेले. युनेस्कोच्या मदतीने पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत शेतकऱ्यांची श्रोतृमंडळे स्थापन झाली. फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत वीस कार्यक्रम झाले, प्रत्येक अर्ध्या तासाचा. चावडीत रेडिओ ठेवून सगळ्यांनी ऐकायचे आणि मग त्यावर बोलायचे. इथे हेडफोनचे काम नव्हते. आवाज जितका पसरेल तितका हवा होता. मी हे मुद्दाम सांगतो, कारण कानावर वाट्या चढवणे हेच उत्तम ऐकणे, असा माझा पक्ष नाही.

पण हौशी रेडिओवाल्याची गोष्ट निराळी. त्याला जे ऐकायचे असते ते पसरलेले नसतेच. ते खरखरीच्या ढिगाऱ्यात सुईसारखे पडलेले असते. २००४ सालच्या डिसेंबरात भारती प्रसाद आणि त्यांचे सोबती हौस म्हणून अंदमानात पोर्ट ब्लेअरला रेडिओ लावून बसले होते, जगभरच्या हौशी लोकांशी बोलत होते. २६ तारखेला सकाळी सुनामी आली, तारा आणि टेलिफोन तुटले, आणि तोच हौसेचा संच बेटांवरच्या माणसांची खुशाली मुख्य भूमीला कळवण्याचे साधन झाला. अशा वेळी एक आकडा चुकीचा ऐकला, एक नाव निसटले, तर कुणाच्या तरी घरात काय होईल हे सांगायला नको.

माझा एक जुना विद्यार्थी आता सरकारच्या हौशी रेडिओच्या परीक्षेची तयारी करतो आहे. बारा वर्षांच्या वरच्या कोणालाही ती देता येते. हेडफोन कोणता घ्यावा, असे त्याने मला विचारले. त्याचे घर हिंजवडीकडे जाणाऱ्या रस्त्याजवळ. जिथे आम्ही भातखाचरांतून चालत जात असू, तिथे आता दिवसभर डंपर आणि रात्री काँक्रीट कालवणारी यंत्रे. मी त्याला जे सांगितले ते इथे थोडक्यात लिहितो, कारण आपल्यापैकी कुणाच्या घरीही असा एखादा नातू किंवा भाचा निघायचा.

पहिली गोष्ट म्हणजे गोंगाट दोन जातींचा असतो, आणि हेडफोन त्यातल्या एकाच जातीवर चालतो. डंपर, कुत्री, शेजारचा डीजे हा हवेतला गोंगाट. तो गादीने अडतो. पण चार्जर, एलईडी दिवे, इन्व्हर्टर यांतून निघणारी खरखर रेडिओलहरींतून येते आणि आवाजाबरोबरच वाटीत उतरते. तिच्यावर कितीही महाग हेडफोन घेतला तरी उपयोग नाही. घराचा मेन स्विच बंद करून रेडिओ बॅटरीवर लावून पाहावा. खरखर गेली तर चोर घरातच आहे. वळवाच्या विजांची कडकड मात्र मेन स्विच बंद करून जात नाही. आकाशाचे क्षीण आवाज ऐकणाऱ्या शास्त्रज्ञांनाही ही अडचण होती, म्हणून तर गोविंद स्वरूप यांनी आपल्या जिल्ह्यातच, नारायणगावजवळ खोडदला, रेडिओ दुर्बीण उभारली. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस थाळ्या तिथे आहेत. ती जागा निवडण्याचे एक मोठे कारण हेच, की तिथे माणसांनी केलेली खरखर कमी होती.

दुसरी गोष्ट म्हणजे वाटी अख्ख्या कानाला वेढणारी, मागून बंद आणि गादी मऊ असावी. अशी वाटी नीट बसली तर बाहेरचा आवाज वीस डेसिबलच्या आसपास खाली येतो. वीस डेसिबल म्हणजे आवाजाची शक्ती शंभरावा हिस्सा. मात्र फट राहता कामा नये. माझ्यासारख्या चष्मेवाल्याची गंमत अशी की, चष्म्याची काडी गादीखाली जाते आणि तिथून डंपर आत येतो. बारीक काडीचा चष्मा आणि जाड मऊ गादी हा त्यावर उपाय. दुकानात हेडफोन कशालाही न जोडता नुसता कानावर चढवावा आणि दुकानदाराला बोलू द्यावे. त्याचे स्तुतिस्तोत्र जितके कमी ऐकू येईल तितका माल चांगला.

तिसरी गोष्ट विजेवर चालणाऱ्या, गोंगाट 'मारणाऱ्या' हेडफोनची. त्याचे मूळ १९७८ सालच्या एका विमानप्रवासात आहे. अमर बोस हे बंगाली पित्याचे पुत्र, अमेरिकेतले प्राध्यापक. विमानात दिलेल्या हेडफोनमधले गाणे त्यांना इंजिनाच्या घरघरीत ऐकू येईना. त्यांनी तिथेच बसून कागदावर गणित मांडले की, आत येणाऱ्या लहरीला बरोबर उलटी लहर भेटवली तर दोन्ही एकमेकींना गिळतील. १९८६ साली व्हॉयेजर विमान न थांबता पृथ्वीप्रदक्षिणेला गेले, तेव्हा तसला नमुना वैमानिकांच्या कानांवर होता. विक्रीला तो १९८९ साली आला. विमान, पंखा, जनरेटर यांच्या सलग घरघरीवर ही युक्ती उत्तम चालते. फटाका, कुत्रे, दाराचा धाडकन आवाज यांना ती गाठू शकत नाही, तिथे जुनी मर्कादिएची टोपीच कामाची. शिवाय त्यातला विजेचा संच पाठवणाऱ्या यंत्राजवळ कधी कधी स्वतःच कुरकुरू लागतो. बिनतारी हेडफोनमध्ये आवाज क्षणभर उशिरा पोहोचतो, आणि मोर्सचे कट्ट-कडकट्ट बडवणाऱ्याला तेवढा उशीर गोंधळात टाकतो. म्हणून मी त्या मुलाला वायरचाच घ्यायला सांगितले.

आणि गाण्यासाठी केलेला भारी हेडफोन नकोच. माणसाचे बोलणे समजायला सेकंदाला तीनशे ते तीन हजार कंपने पुरतात. मोर्सची शिट्टी सहाशे-सातशेवर ऐकतात. त्याखालचा घुमारा आणि त्यावरची झिलई दाखवणारा हेडफोन रेडिओची गुणगुण आणि फसफसही तितक्याच प्रेमाने दाखवतो. कानाचे आरोग्यही यातच आहे. बाहेरचे आवाज अडले की रेडिओचा आवाज वाढवावा लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्यांसाठी आठवड्याला चाळीस तास, तेही ऐंशी डेसिबलपर्यंतच, अशी मर्यादा सांगितली आहे.

१९४२ सालची गोष्ट मी मुद्दाम मागे ठेवली. १९३९ साली युद्ध सुरू होताच हौशी रेडिओवाल्यांचे परवाने थांबले आणि त्यांना आपले संच पोलिसांच्या स्वाधीन करावे लागले. हवा सरकारची झाली. 'चले जाव'चा ठराव झाला, पुढारी तुरुंगात गेले, वर्तमानपत्रांवर बंधने आली. तेव्हा ऑगस्टच्या अखेरीस मुंबईत ४२.३४ मीटरवर एक आवाज आला: हे काँग्रेस रेडिओ, हिंदुस्थानातून कुठूनतरी. बोलणारी उषा मेहता बावीस वर्षांची होती. चिमूर आणि आष्टी इथे काय घडले, ते जाहीर पत्रांत येत नव्हते. ते या आवाजाने सांगितले. पोलिसांपासून वाचण्यासाठी जागा सारख्या बदलाव्या लागत. एकीकडे लोक कान देऊन ऐकत आणि दुसरीकडे पोलिसांची माणसेही कान देऊन ऐकत, शब्दन् शब्द टिपून घेत. अखेर त्यांच्याच एका तंत्रज्ञाने ठिकाण सांगितले आणि १२ नोव्हेंबरला, कार्यक्रम चालू असतानाच, दार फुटले. उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली. ती त्यांनी आपल्या येरवड्यात भोगली आणि १९४६ साली त्या सुटल्या. सन २००० मध्ये त्या गेल्या.

४२.३४ मीटर हा आकडा मी त्या विद्यार्थ्याला फळ्यावर मांडून दाखवला. प्रकाशाच्या वेगाला त्याने भागले की सेकंदाला सुमारे सत्तर लाख ऐंशी हजार कंपने येतात, म्हणजे ७०८० किलोहर्ट्झ. आपल्या देशात हौशी रेडिओसाठी राखलेल्या चाळीस मीटरच्या पट्ट्यात, ७००० ते ७२०० यांच्या दरम्यान, ही जागा आज येते. सकाळी त्या पट्ट्यात पुणे, मुंबई, नागपूर, बेळगाव इथले लोक एकमेकांना हवापाणी विचारतात. परीक्षा उतरला की त्यालाही तिथे बोलता येईल. ऐकायला तो आत्ताच लागला आहे. त्याने हेडफोन घेतला तो दुकानातला सर्वांत स्वस्त बंद वाटीचा. फक्त त्याची पिन तीन कड्यांची आणि त्याच्या जुन्या रेडिओचे भोक दोन कड्यांचे, त्यामुळे पहिल्या दिवशी एकाच कानात ऐकू आले. वीस-पंचवीस रुपयांचा जोड मिळतो, तो त्याने चिंचवडहून आणला.